गुलाबी कागद

'माझे विमान' असे म्हटले की ऐकणाऱ्याचे डोळे मोठे होतात, म्हणून आधीच खुलासा केलेला बरा. दोन माणसे शेजारी शेजारी बसतील एवढी जागा, शंभर अश्वशक्तीचे इंजिन आणि रिकामे असताना साधारण ३४० किलो वजन. म्हणजे आपल्याकडच्या छोट्या मारुती गाडीपेक्षाही हलके. ते कारखान्यातून तयार होऊन आलेले नाही. सुटे भाग पेट्यांतून आले आणि मी ते विस्कॉन्सिनमधल्या माझ्या घराच्या गॅरेजमध्ये तीन वर्षे जोडत बसलो.

या विमानात प्लॅस्टिकच्या पाकिटात एक गुलाबी कागद असतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने दिलेला उड्डाणयोग्यतेचा दाखला. तो नसेल तर विमान कितीही चकचकीत असो, कायद्याच्या दृष्टीने ती जमिनीवरची एक वस्तू आहे. हा कागद मला दुसऱ्या खेपेला मिळाला. पहिल्या खेपेला का मिळाला नाही, हे मी आजवर घराबाहेर फारसे कुणाला सांगितलेले नाही.

आमचे गाव बाणकोटच्या खाडीकाठी. तिथल्या बऱ्याच घरांप्रमाणे आमच्याही घरातला कमावता माणूस बोटीवर असायचा. अब्बा मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये ऑइलमन होते. वर्षा-दीड वर्षाने घरी यायचे तेव्हा त्यांच्या नखांतले काळे तेल निघता निघायचे नाही. रात्री जेवणे झाली की ओट्यावर बसून ते बोटीच्या गोष्टी सांगत. त्यातली सर्व्हेची गोष्ट मला विशेष आवडायची. बोट सुक्या गोदीत चढवली की सर्व्हेअर साहेब हातात छोटी हातोडी घेऊन यायचा आणि पोलादी पत्र्यावर ठोकत ठोकत आवाज ऐकायचा. घट्ट पत्रा एक आवाज देतो, गंजून पातळ झालेला दुसरा. साहेब यायच्या आधी काही लोक गंजावर घाईघाईने रंग मारून घ्यायचे. अब्बा म्हणायचे, "रंगाला माणूस फसतो, पाणी फसत नाही."

मी आयटीआय करून फिटर झालो. अकरा वर्षे आखातात काढली आणि १९९८ साली थोरल्या भावाच्या अर्जावर अमेरिकेत आलो. इथे पंपाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मला तपासनिसाचे काम मिळाले. मायक्रोमीटर आणि गेज हातात घेऊन दुसऱ्यांनी केलेले काम मापायचे, चुकले असेल तर लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचे. माझ्या लाल चिठ्ठ्या कारखान्यात प्रसिद्ध होत्या. कुणी कितीही गयावया केली तरी मी चिठ्ठी काढायचो नाही. याचा मला अभिमान होता, हे इथेच कबूल करतो, कारण पुढच्या हकिकतीशी त्याचा संबंध आहे.

विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्या माणसाला विमानाचे वेड लागणे फार अवघड नाही. दर जुलैच्या अखेरीस ऑशकॉश गावी हौशी वैमानिकांची प्रचंड जत्रा भरते. ती भरवणारी ईएए ही संघटना याच राज्यात, मिलवॉकी शहरात १९५३ साली सुरू झाली. घरी विमान बांधणाऱ्या शेतकऱ्यांची, शिक्षकांची, सुतारांची ही संघटना. एका वर्षी मुलांना घेऊन मी ती जत्रा पाहायला गेलो आणि तिथेच फसलो.

त्यापूर्वी, १ सप्टेंबर २००४ पासून अमेरिकेत 'लाइट स्पोर्ट' विमानांचा नवा वर्ग लागू झाला होता. त्या वेळच्या व्याख्येप्रमाणे कमाल वजन १,३२० पौंड, म्हणजे सुमारे ६०० किलो, आसने दोन, इंजिन एक, सरळ उड्डाणातला जास्तीत जास्त वेग १२० नॉट. असे विमान उडवण्याचा परवाना किमान २० तासांच्या सरावावर मिळू शकत होता आणि वैद्यकीय दाखल्याऐवजी मोटारीचे लायसन्स चालत होते. माझ्यासारख्या पगारदार माणसासाठी हे दार पहिल्यांदाच उघडले होते. २०२५ च्या जुलैमध्ये एफएएने नवे नियम जाहीर केले आणि वजनाची ती जुनी मर्यादा मोडीत निघाली. पण माझी हकिकत जुन्या नियमांतली आहे.

मी आरव्ही-१२ नावाच्या विमानाचा संच घ्यायचे ठरवले. हा संच टप्प्याटप्प्याने विकत घेता येतो. आधी शेपटी, मग पंख, मग धड, शेवटी इंजिन आणि उपकरणे. २००९ साली शेपटीची पेटी दारात आली. आमच्या मशिदीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना कळले तेव्हा त्यांनी मला अब्बास इब्न फिरनासची आठवण दिली. नवव्या शतकात कॉर्डोव्यात हा माणूस पंख लावून उडाला, पण उतरताना जबर आपटला. पक्षी शेपटीच्या आधाराने उतरतो आणि त्याने शेपटीच लावली नव्हती, अशी कथा आहे. मी म्हणालो, "चाचा, आम्ही शेपटीपासूनच सुरुवात केलीय." ते हसले, पण जाताना हळूच म्हणाले, "बेटा, विमान आणि आपलं नाव. जरा जपून."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. २००१ नंतरची ती वर्षे. माझ्या नावाची सुरुवात मोहम्मदने होते. विमानतळावर रांगेतून बाजूला काढले जाणे मला सवयीचे झाले होते. थंडीसाठी मी गॅरेजच्या खिडक्यांना प्लॅस्टिक लावले, तेव्हा एका शेजाऱ्याने अगदी गोड आवाजात विचारले होते, "आत काय चाललंय?" मी त्याला आत बोलावून पंख दाखवला. तो नंतर रिव्हेट मारायलाही येऊ लागला, पण तो पहिला प्रश्न मनात रुतून राहिला. उडायला शिकायच्या आधी नागरिकत्वाचा पुरावा दाखवावा लागतो. तो नियम सगळ्याच नागरिकांना आहे. तरी पासपोर्ट पुढे करताना माझाच हात थोडा ओला झाला होता.

मग पाटीचा प्रश्न आला. प्रत्येक विमानाच्या अंगावर एक धातूची पाटी पक्की बसवावी लागते. आगीत टिकेल अशी, आणि तिच्यावर बांधणाऱ्याचे नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक कोरलेले. विमान जळून गेले तरी ते कुणी बांधले हे कळले पाहिजे, असा त्यामागचा हिशेब. मी बायकोला म्हटले, "पूर्ण नाव कशाला? नुसती आद्याक्षरं टाकतो."

ती म्हणाली, "तीन वर्षं गॅरेजमध्ये कोण बसलं होतं, आद्याक्षरं?"

पाटीवर पूर्ण नाव कोरले.

संचातून बांधलेल्या अशा विमानाला प्रायोगिक लाइट स्पोर्ट म्हणतात. यात एक कडक अट असते. दाखला मिळेपर्यंत विमान कारखान्याच्या नकाशाबरहुकूम हवे. तुम्हाला एखादी सुधारणा सुचली, तरी ती आधी करायची नाही. मला ही अट आवडली. तपासनिसाला यापेक्षा काय हवे? नोंदवहीत मी प्रत्येक दिवसाचे काम लिहीत गेलो. एकूण ९४० तास भरले. ईएएचे अनुभवी सभासद बांधकाम पाहायला विनामूल्य येतात. असे एक गृहस्थ दोनदा येऊन गेले आणि काम नीटनेटके आहे म्हणाले.

२०१२ च्या उन्हाळ्यात पंख आणि धड ट्रेलरवर घालून जवळच्या छोट्या विमानतळावरच्या हँगरमध्ये नेले. तीन चाकांखाली तीन वजनकाटे ठेवून वजन केले आणि गुरुत्वमध्य काढला. आत शिरायच्या जागी 'प्रायोगिक' या अर्थाचा इंग्रजी शब्द दोन इंच उंचीच्या अक्षरांत लावला. हे विमान सर्वसाधारण विमानांसाठीचे सुरक्षानियम पाळत नाही, अशी प्रवाशाला ताकीद देणारी पट्टी समोर चिकटवली. सगळे कागद फाइलला लावले. त्यात अर्जाचा फॉर्म ८१३०-६ होता. त्याच्या तळाशी मालकाने सही करायची असते. या विमानाची तपासणी झालेली असून ते उड्डाणयोग्य आहे, असे मी प्रमाणित करतो, अशा अर्थाचा मजकूर. मी सही केली. पेन क्षणभरही थबकले नाही.

तपासणीला एफएएने नेमलेले एक खासगी प्रतिनिधी आले. असे लोक फी घेऊन हे काम करतात. सत्तरीचे, उंच, फार न बोलणारे. आधी दीड तास त्यांनी फक्त कागद वाचले. नोंदणीपत्रावरचा क्रमांक, शेपटीजवळ रंगवलेला क्रमांक आणि पाटीवरचा अनुक्रमांक एकमेकांशी ताडून पाहिले. पाटीवरचे नाव त्यांनी दोनदा वाचले, किंवा मला तसे वाटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि तिथे काहीच दिसत नव्हते.

मग विजेरी आणि दांडीचा छोटा आरसा घेऊन ते विमानाकडे वळले. इंजिनवरचे आवरण, आतल्या झाकण्या, आसने, सगळे मी आधीच काढून ठेवले होते. इंधनाच्या नळ्या, सेफ्टी वायर, कॉटर पिना, पट्ट्यांचे खिळे. स्टिक डावीकडे केल्यावर डाव्या पंखाची झडप वर जाते की नाही. ही चूक कुणी कशी करेल असे वाटते, पण उलटी जोडलेली झडप घेऊन माणसे उडालेली आहेत आणि मेलेलीही आहेत. माझ्या विमानात सगळे बरोबर होते. मला मनातून वाटू लागले की आता हे मला शाबासकी देणार.

तेवढ्यात त्यांनी स्टिककडून झडपांकडे जाणाऱ्या दांड्यांकडे हात घातला. या दांड्यांच्या टोकाला आटे असतात आणि लांबी एकदा जुळवली की ती हलू नये म्हणून एक चेकनट आवळतात. नट टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाइतका आवळून झाला की नट आणि शेजारचा भाग मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढायची पद्धत आहे. रेघेचा अर्थ एवढाच, की हा नट आवळला आहे. पुढे तो हलला तर रेघ तुटलेली दिसेल. माझ्या सगळ्या नटांवर सुबक केशरी रेघा होत्या.

त्यांनी एक चेकनट दोन बोटांत धरला आणि फिरवला. तो फिरला. वाळलेली केशरी रेघ मधोमध तुटली.

"ही रेघ कुणी ओढली?"

"मी."

"नट आवळल्यानंतर?"

मी काही बोललो नाही. काय बोलणार? रेघ ओढली होती आणि नट आवळलेला नव्हता. हाच नट हवेत मोकळा होत गेला असता, दांडी फिरली असती आणि झडपेवरचा ताबा गेला असता, तर पुढचे मला सांगायची गरज नव्हती.

ते म्हणाले, "हा एक नट तुम्ही आत्ता माझ्यासमोर आवळाल. पण बाकीच्या रेघा खऱ्या आहेत हे मला कसं कळणार? आज मी दाखला देत नाही. सगळं पुन्हा बघा, मग बोलवा." आवाजात राग नव्हता. विजेरी खिशात घालता घालता त्यांनी विचारले, "नोकरी काय करता?"

"तपासनीस आहे."

त्यांनी मान हलवली आणि गाडीत बसून निघून गेले.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एक निराळीच हकिकत तयार झाली होती. त्यांनी नाव दोनदा वाचले होते. एका नटासाठी कुणी दाखला अडवत नाही. माझ्या जागी एखादा गोरा असता तर तिथल्या तिथे नट आवळून घेऊन कागद हातात दिला असता. बायकोने दार उघडताच मी म्हणालो, "नाव बघितलं आणि अडवलं."

तिने सगळे ऐकून घेतले. चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "नट ढिला होता की नव्हता, तेवढं सांगा."

मी उठून आत गेलो. मगरिबची वेळ झाली होती. नमाजला उभा राहिलो, पण डोळ्यांपुढे ती तुटलेली रेघ. उंटाला आधी बांधावे, मग तवक्कुल करावा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मी तर उंट न बांधता बांधल्याची खूण करून ठेवली होती. आणि त्यावर सही केली होती. सही म्हणजे दुसरे काय, गवाहीच ना? खोटी गवाही जाणूनबुजून दिली नाही हे खरे, पण खातरी न करता दिली होती.

रात्री नोंदवही काढली. खोटे कशाला बोलू, मी सबब शोधत होतो. त्या दिवशी रमजान असावा, रोजा लागलेला असावा. गावाहून काही वाईट फोन आलेला असावा. नोंद सापडली. मार्चमधला एक रविवार. चार तास काम. दांड्यांची लांबी जुळवली, चेकनट, रेघा. रमजान नव्हता, फोन नव्हता, काहीही नव्हते. बहुधा आधी सगळ्या रेघा ओढून घेऊ, मग एका दमात रेंच फिरवू असे मी ठरवले असेल आणि मध्येच जेवायला हाक आली असेल. परत आलो तेव्हा रेघा दिसल्या आणि रेघांनी मलाच सांगितले की काम झालेले आहे. माझ्याच रंगाला मीच फसलो होतो.

पुढचे तीन शनिवार-रविवार आम्ही दोघे हँगरमध्ये होतो. कापडाला ॲसिटोन लावून मी प्रत्येक रेघ पुसली. जुनी केशरी. मग नवी पद्धत ठरवली. बायको खुर्ची टाकून यादी घेऊन बसायची आणि नटाचे नाव व माप मोठ्याने वाचायची. मी रेंच फिरवायचो. रेंचचा टक् आवाज तिने स्वतः ऐकला की मगच ती यादीवर खूण करायची आणि मग मी पिवळी रेघ ओढायचो. एकदा आवाज झाला असे मी म्हटले, तर म्हणाली, "मला नाही आला. पुन्हा." तीन दिवसांनंतर आणखी दोन नट सापडले, मापापेक्षा कमी आवळलेले. हे दोन त्या साहेबांनी पाहिलेही नव्हते.

त्या दोन नटांनी माझ्या मनातली हकिकत संपवली. नावाची तपासणी होते, हे खोटे नाही. ती विमानतळावर होते, नोकरीच्या मुलाखतीत होते, मुंबईत भाड्याचे घर शोधताना पहिल्या फोनवरच होते. हे ज्यांनी सोसले आहे त्यांना मी समजावणार नाही. पण नावाच्या तपासणीचा एक तोटा असाही आहे, की ती आपल्या हातात एक तयार सबब देऊन जाते. कामाची तपासणी झाली तरी ती नावाचीच होती असे म्हणायची सोय होते. त्या संध्याकाळी मी ती सोय वापरायला निघालो होतो. माणसाला दोन्ही तपासण्यांना तोंड द्यावे लागते, पण त्या दोन वेगवेगळ्या आहेत हे त्याने विसरू नये. पहिलीत मान ताठ ठेवावी. दुसरीत ती खाली घालायची वेळ आली तर घालावी.

ऑक्टोबरमध्ये ते गृहस्थ पुन्हा आले. पिवळ्या रेघा पाहिल्या, यादी पाहिली, यादीवरच्या खुणा दुसऱ्या कुणाच्या हातच्या आहेत हे त्यांनी ओळखले. "कोण?" मी खुर्चीवर बसलेल्या बायकोकडे बोट दाखवले. त्यांनी टोपीला हात लावून तिला अभिवादन केले. तासाभराने टेबलाशी बसून कागद भरताना ते थांबले आणि त्यांनी माझे नाव कसे उच्चारायचे ते विचारले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बरोबर म्हणाले. मग गुलाबी कागदावर सही करून तो माझ्या हातात दिला. सोबत चालवण्याच्या अटींची पाने. पहिले पाच तास मी एकट्याने, ठरवून दिलेल्या हद्दीतच उडायचे होते.

पहिल्या उड्डाणाच्या सकाळी पंखा हाताने फिरवत राहिलो. या इंजिनात तेल मोजण्यापूर्वी तसे करावे लागते. टाकीतून गुडगुड आवाज आला की तेल परतले असे समजायचे. अब्बा असते तर तो आवाज ऐकून खुश झाले असते. मग सगळ्या पिवळ्या रेघा पुन्हा एकदा पाहिल्या, बिस्मिल्ला म्हटले आणि निघालो. वर काय दिसले ते सांगत बसत नाही. शेते दिसली, तळी दिसली, आणि हँगरच्या दारात उभी असलेली एक बाई दिसली. पाच तास पूर्ण झाल्यावर शेजारच्या आसनावर पहिल्यांदा तीच बसली. समोरची ताकीद तिने सावकाश वाचली आणि पट्टा आवळला.

या हकिकतीचा शेवट गुलाबी कागदाने होत नाही. त्या विमानाची दर बारा महिन्यांनी तपासणी करावी लागते. सोळा तासांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला मालक आपल्या विमानाची ती तपासणी स्वतः करू शकतो. मी तो केला. म्हणजे आता दरवर्षी विजेरी माझ्या हातात असते आणि विमान सुस्थितीत आहे अशी नोंद करून सहीही मीच करतो. कुणी उंच म्हातारे येऊन नट फिरवून पाहत नाहीत. सर्व्हेअरही मीच आणि गंजावर रंग मारू शकणाराही मीच.

म्हणून दरवर्षी त्या दिवशी मी बायकोला सोबत नेतो. तिचे गुडघे आता दुखतात, हँगरमध्ये थंडी असते, तरी ती येते. चष्मा पुसते, यादी उघडते आणि पहिल्या नटाचे नाव वाचते. मी रेंच फिरवतो. ती कान देऊन ऐकते.